उडती तबकडी की शुक्राची चांदणी?

२१ मार्च १९६६ ची रात्र. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं हिल्सडेल नावाचं एक छोटं गाव. तिथल्या कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात अचानक एकच गलका झाला. मागच्या बाजूला दलदलीची जागा होती, आणि तिच्यावर एक उजेड तरंगत होता. मुली खिडक्यांशी गोळा झाल्या. एक नाही, दोन नाही, तब्बल ८७ मुली! त्यांच्या जोडीला गावातल्या नागरी संरक्षण विभागाचा प्रमुखही होता. कितीतरी वेळ सगळे तो उजेड बघत होते. तो मध्येच मोठा होई, मध्येच मंद होई, इकडून तिकडे सरके. पोलिसांच्या गाड्या जवळ आल्या की विझल्यासारखा होई आणि गाड्या गेल्या की पुन्हा दिसू लागे, असं मुलींनी सांगितलं.

आदल्याच रात्री त्याच राज्यात डेक्स्टर गावाजवळ एका शेतकऱ्याने आणि त्याच्या मुलाने आपल्या घरामागच्या दलदलीत असाच उजेड पाहिला होता. झालं! दोन दिवसांत बातमी देशभर गेली. पत्रकार, टीव्हीवाले, हौशे, नवशे सगळे मिशिगनकडे धावले. उडत्या तबकड्या आल्या म्हणे!

आता तुम्ही म्हणाल, साठ वर्षांपूर्वीची अमेरिकेतली ही कथा आज आपल्याला कशाला? तर मैत्रिणींनो, कथेचा पुढचा भाग महत्त्वाचा आहे. त्या ८७ मुलींनी जे पाहिलं त्याची सरकारने चौकशी केली. चौकशीला एक नामवंत खगोलशास्त्रज्ञ आला. आणि चार दिवसांनी त्याने जे उत्तर दिलं, त्याने त्या मुली, तो शेतकरी, अख्खं मिशिगन राज्य चिडलं. पुढे तर खुद्द तो शास्त्रज्ञच आपल्या कामाकडे वेगळ्या नजरेने बघू लागला. आपण डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट दुसरा कुणी ‘तुला भास झाला’ म्हणून उडवून लावतो, तेव्हा काय वाटतं हे बायकांना वेगळं सांगायला नको.

त्या शास्त्रज्ञाचं नाव जे. ॲलन हायनेक. त्याची गोष्ट मुळातूनच सांगायला हवी.

२४ जून १९४७ ला केनेथ अर्नोल्ड नावाचा एक व्यावसायिक स्वतःचं छोटं विमान चालवत अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातून निघाला होता. माउंट रेनिअर या पर्वताजवळ त्याला नऊ चकाकत्या वस्तू ओळीने, प्रचंड वेगाने जाताना दिसल्या. पाण्यावर बशी भिरकावली की ती जशी टप्पे घेत जाते तशा त्या चालल्या होत्या, असं त्याने वर्णन केलं. म्हणजे बशीची उपमा त्याने चालीला दिली होती, आकाराला नाही. पण वर्तमानपत्रांनी ‘फ्लाइंग सॉसर’ हा शब्द उचलला आणि तो जगभर झाला. (शब्दाला शब्द ठेवायचा तर आपण ‘उडती बशी’ म्हणायला हवं होतं. कुणा भल्या माणसाने ‘तबकडी’ केलं, बरंच झालं!) गंमत बघा, त्यानंतर लोकांना आकाशात खरोखरच बशीच्या आकाराच्या वस्तू दिसू लागल्या. शब्द आधी आला, वस्तू मागून.

दुसरं महायुद्ध संपून दोनच वर्षं झाली होती. रशियाशी शीतयुद्ध सुरू झालं होतं. आकाशात अनोळखी काही दिसलं की अमेरिकन हवाई दलाच्या पोटात गोळा येई. रशियाचं नवं विमान तर नसेल? म्हणून हवाई दलाने चौकशी सुरू केली. आधी ‘प्रोजेक्ट साइन’, मग ‘प्रोजेक्ट ग्रज’ आणि १९५२ पासून ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’. या चौकशीचं ठाणं होतं ओहायो राज्यातल्या डेटन शहराजवळच्या राइट-पॅटरसन तळावर. लोकांच्या तक्रारींपैकी कितीतरी ग्रहताऱ्यांच्या असणार, हे अधिकाऱ्यांच्या लवकरच लक्षात आलं. मग जवळच्या विद्यापीठात खगोलशास्त्र शिकवणाऱ्या हायनेकना १९४८ मध्ये सल्लागार म्हणून बोलावलं. काम सोपं होतं. आलेली पत्रं वाचायची आणि सांगायचं, हा शुक्र, ही उल्का, हा गुरू. हायनेकना तेव्हा हा सगळा प्रकार म्हणजे चार दिवसांचं खूळ वाटत होतं. ते त्यात वीस वर्षांहून जास्त काळ अडकले!

ब्लू बुकचा कारभार काही फार मोठा नव्हता. सिनेमात दाखवतात तसं बंदूकधारी, काळ्या सुटातलं पथक वगैरे नाही. मोजके अधिकारी, कारकून आणि कपाटभर फायली. साक्षीदाराला एक लांबलचक प्रश्नावली भरून द्यावी लागे. त्यातला एक प्रश्न मला फार आवडला. दिसलेली वस्तू केवढी होती, हे सांगताना ‘विमानाएवढी’, ‘घराएवढी’ असं लिहायचं नाही. हात पूर्ण लांब करून धरला आणि त्यात टाचणीचं डोकं, वाटाणा, नाणं असं काही धरलं, तर त्यातल्या कशाने ती वस्तू झाकली गेली असती? तेवढंच सांगायचं.

हा प्रयोग तुम्ही पौर्णिमेला घरच्या घरी करून बघा. मटारचा एक दाणा चिमटीत धरून हात लांब करा आणि एक डोळा मिटून चंद्राकडे बघा. अख्खा चंद्र त्या दाण्यामागे लपतो! आपल्याला मात्र वाटत असतं, पुरणपोळीएवढा तरी असेल. यात आपल्या डोळ्यांची काही चूक नाही. आकाशात मोजायला शेजारी काही नसतं. वस्तू किती लांब आहे ते कळत नाही आणि लांबी कळली नाही की ती केवढी आहे, किती वेगाने चालली आहे, हेही कळू शकत नाही. माणूस खरं बोलत असतो, पण ‘दोनशे फुटांवर होतं, बसएवढं होतं’ हा त्याचा नुसता अंदाज असतो.

आता वळू आपल्या शुक्राकडे. तबकडीच्या खटल्यातला हा कायमचा आरोपी. सूर्य आणि चंद्र सोडले तर आकाशातली सगळ्यात तेजस्वी गोष्ट हीच. शुक्र सूर्यापासून ४७ अंशांपेक्षा लांब कधी जात नाही, म्हणून तो मध्यरात्री डोक्यावर दिसत नाही. एक तर संध्याकाळी पश्चिमेला, नाही तर पहाटे पूर्वेला. आपल्या आज्या-पणज्यांना तो घड्याळासारखा ठाऊक होता. पहाटे जात्यावर बसायला, शेणसडा करायला, पाणी भरायला उठणाऱ्या बाईला शुक्राची चांदणी कुणी शिकवावी लागत नव्हती. आता आपण उठतो मोबाइलच्या गजराने आणि अंगणाची झाली गॅलरी. काही महिने सूर्याच्या उजेडात दडून राहिलेला शुक्र एक दिवस पश्चिमेला ठळक दिसू लागतो. ज्यांनी वर्षभर मान वर करून पाहिलेलं नसतं, त्यांना वाटतं, अगं बाई, हे काल नव्हतं!

बरं, तो नुसता दिसून थांबत नाही, खेळही करतो. क्षितिजाजवळ असताना त्याचा उजेड हवेच्या जाड थरातून येतो. तापलेल्या आणि गार हवेचे थर तो उजेड वाकवतात, हलवतात, म्हणून तो लाल, हिरवा, निळा लुकलुकतो. थंडीत उगवणारा व्याधाचा तारा तर असे रंग बदलतो की पोलिसांच्या गाडीवरचा दिवाच वाटावा. पातळ ढग समोरून सरकले की ढग थांबलाय आणि दिवाच पळतोय असं वाटतं. गच्च काळोखात एकाच ठिपक्याकडे टक लावून पाहिलं तर काही वेळाने तो आपोआप हलू लागल्याचा भास होतो, कारण आपली बुबुळं कधीच अगदी स्थिर नसतात. आणि पाठलागाचं म्हणाल, तर लहानपणी एस.टी.च्या खिडकीतून आपण सगळ्यांनीच चंद्राला आपल्याबरोबर धावताना पाहिलेलं आहे. झाडं मागे पळतात, चंद्र मात्र साथ सोडत नाही. चंद्राला आपण ओळखतो म्हणून हसतो. तोच प्रकार अनोळखी दिव्याने केला की छातीत धस्स होतं.

जिमी कार्टर हे नाव आपल्या ओळखीचं. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले ते. त्यांनी १९६९ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या लिअरी गावी एका सभेच्या आधी दहा-बारा माणसांबरोबर आकाशात रंग बदलणारा तेजस्वी गोळा पाहिला आणि १९७३ मध्ये, राज्यपाल असताना, त्याचा रीतसर अर्जही भरून दिला. अभ्यासकांनी नंतर तारीख, वेळ, दिशा तपासली तर त्या बाजूला शुक्र होता. अलीकडे दुसरा खुलासाही पुढे आला आहे. त्या काळात रॉकेटमधून वातावरणात बेरियमची वाफ सोडण्याचे प्रयोग चालत आणि तो रंगीत ढग दूरवरून दिसे. कार्टर स्वतः नौदलात अणुपाणबुड्यांच्या कामात होते, शिकलेसवरलेले होते. म्हणजे अशी गोष्ट दिसायला भोळंभाबडं असावं लागतं, हा समज आधी डोक्यातून काढून टाकायला हवा.

पण खगोलशास्त्राच्या नावाखाली दिलेला प्रत्येक खुलासा बरोबर असतो, असंही नाही हं. १९४८ च्या जानेवारीत केंटकी राज्यात आकाशात एक मोठी चकाकती वस्तू दिसते आहे, असे लोकांचे फोन पोलिसांना आले. थॉमस मँटेल हा पंचवीस वर्षांचा वैमानिक तिचा माग काढत उंच उंच गेला. विमानात ऑक्सिजनची सोय नव्हती. त्याची शुद्ध हरपली, विमान कोसळलं आणि तो गेला. हवाई दलाने सांगितलं, तो शुक्राच्या मागे लागला होता. त्या वेळी शुक्र खरोखरच त्याच बाजूला होता. पण ही घटना होती भर दुपारची! दिवसा शुक्र दिसलाच तर सुईच्या टोकाएवढा, तोही नेमकी जागा माहीत असेल तर. एवढी मोठी चकाकती वस्तू तो कसा असेल? नंतर कळलं की त्या काळात अमेरिकन नौदल ‘स्कायहूक’ नावाचे अवाढव्य फुगे खूप उंचावर सोडत होतं आणि ते गुपित होतं. मँटेलने पाहिला तो बहुधा असाच फुगा. एका खात्याचं गुपित दुसऱ्या खात्याला ठाऊक नाही आणि खुलासा करायला बिचारा शुक्र!

आता परत मिशिगनला जाऊ.

हवाई दलाने हायनेकना तिकडे धाडलं तेव्हा वातावरण असं तापलेलं होतं की काही विचारू नका. हायनेकनी नंतर एका लेखात तिथल्या एका रात्रीची हकिगत सांगितली आहे. ते पोलिसांच्या गाडीत बसले होते. वायरलेसवर सारखे निरोप येत होते, दिसली, इकडे दिसली, आता तिकडे वळली! गाड्या भरधाव एका चौकात येऊन थांबल्या. पोलीस खाली उतरले आणि बोटं दाखवू लागले, ती बघा, हलतेय! हायनेकनी वर पाहिलं. तो होता स्वातीचा तारा. सप्तर्षींची शेपटी ज्या कमानीत वाकते, ती कमान तशीच पुढे नेली की स्वाती लागतो. खगोलशास्त्रज्ञाला तो ओळखायला क्षणही लागत नाही. पोलिसांना मात्र तो पळताना दिसत होता.

दलदलीतल्या उजेडाचं उत्तर मात्र ताऱ्यात नव्हतं. मिशिगन विद्यापीठातल्या एका वनस्पतिशास्त्रज्ञाने हायनेकना फोन करून दलदलीच्या वायूची आठवण दिली. पाणथळ जागी पालापाचोळा कुजून मिथेनसारखे वायू तयार होतात आणि कधी कधी त्यांचा फिकट उजेड दिसतो, असं जुन्या काळापासून सांगतात. आपल्याकडेही रानातल्या, पाणवठ्याकाठच्या अशा दिव्यांना ‘आग्या वेताळ’ म्हणत आले आहेत. २५ मार्चला डेट्रॉइटच्या प्रेस क्लबमध्ये पत्रकारांची ही गर्दी लोटली. हायनेकनी एवढंच सांगितलं की डेक्स्टर आणि हिल्सडेल या दोन ठिकाणचा उजेड दलदलीच्या वायूचा असू शकेल. ‘असू शकेल’ कुणी ऐकलंच नाही. पत्रकार फोनकडे पळाले आणि दुसऱ्या दिवशी देशभर एकच हेडलाइन: दलदलीचा वायू!

मग काय, व्यंगचित्रं निघाली, विनोद सुरू झाले. ज्यांनी उजेड पाहिला त्यांची टिंगल, ज्याने खुलासा केला त्याचीही टिंगल. ८७ मुलींनी मिळून पाहिलेली गोष्ट एका शब्दात निकालात निघाली. हिल्सडेलच्या त्या नागरी संरक्षण प्रमुखाने तर हायनेकचं म्हणणं जाहीरपणे खोडून काढलं. मिशिगनचे खासदार जेराल्ड फोर्ड, हेही पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, भडकले. आमच्या मतदारांना याहून चांगलं उत्तर मिळायला हवं, म्हणून त्यांनी संसदेत चौकशीची मागणी केली. ५ एप्रिलला संसदीय समितीपुढे सुनावणी झाली. त्यातूनच कोलोरॅडो विद्यापीठात एडवर्ड काँडन या भौतिकशास्त्रज्ञाच्या हाताखाली स्वतंत्र अभ्यास सुरू झाला. त्याचा अहवाल १९६९ च्या जानेवारीत आला. या चौकशांतून विज्ञानाच्या हाती फारसं काही लागलेलं नाही आणि पुढेही लागेलसं वाटत नाही, असा त्याचा सूर होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ब्लू बुकच्या फायली बंद झाल्या. एकूण १२,६१८ नोंदी. त्यातल्या ७०१ शेवटपर्यंत उलगडल्या नाहीत. म्हणजे शंभरातल्या साडेपाच.

‘उलगडल्या नाहीत’ याचा अर्थ परग्रहावरचे पाहुणे आले, असा मात्र नव्हे. कधी माहितीच अपुरी असते, कधी वेळ चुकीची लिहिलेली असते, कधी साक्षीदार दुसऱ्यांदा भेटत नाही.

टिंगलीची किंमत काय असते, याचं एक उदाहरण त्याच वर्षीचं. १७ एप्रिल १९६६ च्या पहाटे ओहायोच्या पोर्टेज काउंटीतल्या पोलिसांनी एका तेजस्वी वस्तूचा सुमारे ८५ मैल, पार शेजारच्या राज्यापर्यंत गाडीने पाठलाग केला. चौकशीचा निष्कर्ष असा की आधी त्यांनी उपग्रह पाहिला आणि मग पूर्वेला उगवलेला शुक्र. त्यांना तो शेवटपर्यंत मान्य झाला नाही. शुक्र आम्ही वेगळा पाहिला, असं ते म्हणत राहिले. त्यांच्यातल्या एकाच्या वाट्याला एवढी चेष्टा आली की सहा महिन्यांच्या आत नोकरी सुटली आणि संसारही मोडला. निष्कर्ष बरोबर असेलही. पण तो सांगताना माणसाला वेड्यात काढण्याची काय गरज होती?

हायनेकच्या मनातही हेच घोळत असावं. साक्षीदार बहुतेक वेळा प्रामाणिक असतात आणि त्यांचं नीट ऐकून घ्यायला हवं, असं ते उघडपणे म्हणू लागले. १९७३ मध्ये त्यांनी स्वतःचं अभ्यास केंद्र काढलं. या केंद्रात ॲलन हेंड्री नावाच्या तरुणाने तेराशेवर तक्रारी एकेक करून तपासल्या. साक्षीदाराला लगेच फोन करायचा, न चिडवता सगळं ऐकायचं, मग नकाशा आणि पंचांग घेऊन बसायचं. दहातल्या जवळजवळ नऊ तक्रारी उलगडल्या. त्यात ग्रह-तारे बरेच होते, आणि त्यांच्याबरोबर होती जाहिरातीची विमानं! पंखांखाली दिव्यांची अक्षरं लावून रात्री फिरणारी ही विमानं समोरून वाचता येत, पण तिरकी दिसली की फिरत्या दिव्यांची तबकडी वाटे. म्हणजे केंद्र काढलं हायनेकनी, तबकड्यांचा शोध लागावा म्हणून, आणि तिथल्याच माणसाने बहुतेक तबकड्या जमिनीवर आणल्या.

ओघात आलंच आहे तर सांगते. स्टीव्हन स्पिलबर्गच्या ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’ या १९७७ च्या सिनेमाचं नाव हायनेकच्या वर्गवारीतूनच आलं आहे आणि ते स्वतः त्यात क्षणभर दिसतातही. त्यात आकाशाकडे हात करून सूर आळवणारा भारतीय जमाव आहे ना, त्याचं चित्रीकरण झालं आपल्या रायगड जिल्ह्यात, खालापूरजवळच्या हाळ गावात! हायनेकचा जन्म १९१० चा. त्या वर्षी हॅलेचा धूमकेतू आला होता. १९८६ मध्ये तो पुन्हा आला आणि त्याच वर्षी हायनेक गेले.

आपल्याकडचंही ऐका. २०१२ मध्ये लडाखमध्ये पँगाँग सरोवराजवळ ठाकुंग भागात आपल्या जवानांना सीमेपलीकडून तेजस्वी वस्तू येताना दिसू लागल्या. एक संध्याकाळी, एक पहाटे. चीनची टेहळणी असणार, या संशयाने सैन्याने महिनोन्‌महिने नोंदी ठेवल्या. शेवटी बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतल्या शास्त्रज्ञांची मदत घेतली. त्यांनी सांगितलं, संध्याकाळचा आहे गुरू आणि पहाटेचा शुक्र. हे २०१३ मध्ये बाहेर आलं तेव्हा लोकांनी सैन्याची थट्टा केली. मला विचाराल तर जवानांनी योग्य तेच केलं. रोज वेळ लिहिली, दिशा लिहिली, गोळी झाडली नाही आणि ज्याला कळतं त्याला विचारलं. त्या उंचीवर हवा विरळ आणि स्वच्छ, त्यामुळे ग्रह आपल्याला दिसतात त्याहून कितीतरी झगझगीत दिसतात.

आणि विदर्भातल्या मैत्रिणींना २ एप्रिल २०२२ आठवत असेलच. गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास आकाशातून पेटत्या गोळ्यांची एक रांग गेली. विदर्भ, खानदेश, मध्य प्रदेश, सगळीकडून लोकांनी मोबाइलवर चित्रण केलं. चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावी त्या वेळी सामूहिक जेवणाची तयारी चालली होती. लालभडक काहीतरी आलं आणि मोकळ्या जागेत मोठ्या आवाजाने आदळलं. स्फोट होईल या भीतीने लोक घरात पळाले आणि अर्धा तास बाहेर आले नाहीत, असं तिथल्या एका बाईंनी वार्ताहरांना सांगितलं. बघतात तर धातूची भलीमोठी रिंग. आसपासच्या भागात मग धातूचे गोळेही सापडले. कुणी उल्का म्हणालं, कुणी विमान, कुणी आणखी काही. प्रशासनाने तुकडे ताब्यात घेतले, इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहून गेले. रॉकेटचा माग ठेवणाऱ्या तज्ज्ञांच्या मते ते चीनच्या ‘चांग झेंग ३बी’ या रॉकेटच्या टप्प्याचे अवशेष होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेलं ते रॉकेट, वर्षभर पृथ्वीभोवती फिरत फिरत खाली आलं.

अगदी असाच देखावा ३ मार्च १९६८ ला अमेरिकेत दिसला होता. रशियाच्या झोंड-४ मोहिमेतले अवशेष वातावरणात जळत गेले. बहुतेकांनी ‘जळते तुकडे गेले’ असंच कळवलं. पण काहींनी लिहिलं की सिगारच्या आकाराचं यान गेलं, त्याला उजळलेल्या खिडक्या होत्या! ओहायोतल्या एका उच्चशिक्षित शिक्षिकेने दुर्बिणीतून पाहून तीन उलट्या बश्यांचं वर्णन केलं आणि आपला कुत्रा घाबरल्याचंही लिहिलं. काँडन अहवालात विल्यम हार्टमन या खगोलशास्त्रज्ञाने याचा सुंदर उलगडा केला आहे. काळोखात तीन-चार दिवे एका चालीने सरकले की मन त्यांच्यामधली काळी जागा आपणहून भरून काढतं, दिवे होतात खिडक्या आणि मधे उभं राहतं यान. आपण कापडावरचे ठिपके जोडून फूल बघतो ना, तसंच! त्या बाई खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांनी दिवे पाहिले, यान मनाने काढलं.

सरकारी चौकशा आजही चालू आहेत. ब्रिटनच्या संरक्षण खात्याने हा विभाग २००९ मध्ये बंद केला. शेवटच्या वर्षी तिथे सहाशेवर तक्रारी आल्या होत्या, त्यात कागदी आकाशकंदिलांच्या खूप. अमेरिकेने २०२२ मध्ये नवं कार्यालय उघडलं आणि त्याच्या २०२४ च्या अहवालात परग्रहवासीयांचा कोणताही पुरावा सापडला नसल्याचं म्हटलं. मला जास्त भावतं ते फ्रान्सचं. तिथे १९७७ पासून हे काम अंतराळ संस्थेकडे आहे. साक्षीदाराचा जबाब पद्धतशीर घेतात, नाव झाकून फाइल सगळ्यांना बघायला ठेवतात आणि उत्तर नसेल तर उत्तर नाही असं लिहितात.

तुमच्या गच्चीवरून असं काही दिसलंच, तर आधी घड्याळ बघा आणि वेळ लिहून ठेवा. ‘जेवणं झाल्यावर’ नको, नेमकी वेळ हवी. मग दिशा. कुणाच्या छपरावर, कुठल्या झाडाच्या डावीकडे, क्षितिजापासून किती वीत वर, हे लिहा. दिव्याची जागा पाण्याच्या टाकीच्या किंवा खांबाच्या कडेशी लावून पाच मिनिटं हलू नका. सरकतोय की नाही, हे तेव्हा खरं कळतं. मिनिटभरात आकाश ओलांडून गेलं आणि मागे शेपूट राहिलं, तर उल्का किंवा अवशेष. ठिपक्यांची लांब माळ एकामागे एक शिस्तीत चालली असेल, तर ती २०१९ पासून दिसू लागलेली स्टारलिंकच्या उपग्रहांची रांग. जमिनीवर काही पडलेलं सापडलं तर मुलांना जवळ जाऊ देऊ नका, हात लावू नका. रॉकेटच्या टाक्यांत विषारी इंधनाचा अंश असू शकतो. पोलीस पाटलांना किंवा ठाण्यात कळवा. आणि सोबत जो कुणी असेल त्याला वेगळं बसवून त्याच्याकडूनही लिहून घ्या, एकमेकांना सांगण्याआधी. दोघींच्या वर्णनात काय जुळतं आणि काय नाही, हे चौकशी करणाऱ्याला फार उपयोगी पडतं.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्याच जागी उभ्या राहून पुन्हा बघा. तारा असेल तर तो कालच्याच जागी दिसेल, चार मिनिटं आधी.